जमीन टिकविण्याचें शिक्षण

बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावर निमगांव केतकी नांवाचें गांव आहे. पावसाच्या दृष्टीनें हा प्रांत करंटाच. सह्याद्रि ओलांडून आलेले ढग येथवर पोंचेतों बहुतेक रिते झालेले असतात, आणि सालांत वीस इंच पाऊस नीट वेळेवर पडला तरी कुणबी देवाचे आभार मानतो. असें असूनहि या गांवाची ख्याति आहे ती खाऊच्या पानांच्या मळ्यांसाठीं. पानवेल ही मोठी नाजूक जात. शेवरी, पांगारा, शेवगा अशा झाडांच्या सावलींत आणि त्यांच्याच आधारावर ती चढते. तिला पाणी लागतें तें थोडें व वारंवार; पण तेंच पाणी मुळाशीं तुंबून राहिलें कीं मूळ कुजतें आणि वेल हातची जाते. म्हणून पानमळेकरी पाणी आणणाऱ्या पाटाची जितकी काळजी घेतो तितकीच पाणी काढून देणाऱ्या चराची घेतो. सालांतून एकदां तो वेल आधारावरून उतरवितो, तिचा खालचा भाग वळवून मातींत पुरतो आणि शेंडा पुन्हां वर चढवितो. या उतरणीमुळें एकच वेल वर्षानुवर्षें पान देत राहते.

घ्यावयाचें, आणि घेत असतांनाच पुढील सालाची तजवीज करावयाची, हा या धंद्याचा पहिला पाठ आहे. अलीकडे महाविद्यालयांतून हाच पाठ ‘शाश्वतता’ या नांवानें शिकविला जातो. शब्द भारदस्त खरा, पण या कामीं तो नवा आहे. मराठींत शाश्वत हें विशेषण पूर्वापार ब्रह्माला, मोक्षाला, फार तर कीर्तीला लावीत; माती, विहीर, बांध हीं सारीं अशाश्वतांत मोडत. जें आपोआप टिकतें तें शाश्वत, असा त्या शब्दाचा रोख. मातीचें तसें नाहीं. ती टिकविली तरच टिकते. हा भेद विद्यालयांना कितपत उमगला याचा शोध घेण्यास बारामती व इंदापूर या तालुक्यांइतकी सोईची भूमि क्वचितच मिळेल. गेल्या दोनशें वर्षांत विद्यालयांतील विद्या तेथें तीन वेळां येऊन उतरली, आणि तिन्ही वेळां तेथील जमिनीनें तिची परीक्षा घेतली.

पहिली विद्या आली ती थेट इंग्लंडांतून. ईस्ट इंडिया कंपनीनें आपले मुलकी अधिकारी तयार करण्यासाठीं हेलिबरी येथें एक कॉलेज चालविलें होतें. लोकसंख्येच्या सिद्धान्तामुळें सर्वत्र गाजलेले माल्थस हे तेथें अर्थशास्त्राचे अध्यापक. त्यांच्या हाताखालीं शिकलेला रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी पुणें जिल्ह्यांत आला आणि १८२८ च्या सुमारास त्यानें जमिनीच्या पाहणीस हात घातला. त्याचें सूत्र सोपें होतें. शेताच्या एकंदर उत्पन्नांतून लागवडीचा सर्व खर्च वजा करावा आणि जें निव्वळ उरेल त्याचा शेंकडा ५५ भाग सरकारनें घ्यावा. कागदावर यांत अन्याय दिसत नव्हता. परंतु निव्वळ उत्पन्न ठरवावयाचें तर प्रत्येक जातीच्या जमिनीचें पीक, बैलांची वैरण, मजुरी व बाजारभाव हें सर्व बिनचूक कळलें पाहिजे. आणि तें कळविणारे हाताखालचे कामगार कांहीं अज्ञ होते तर कांहीं लांचखाऊ होते. शिवाय हा सारा हिशेब सरासरी सालाचा, आणि इंदापुरांत सरासरी साल म्हणून बहुधा उगवतच नाहीं. एक साल भरभरून येतें व दोन सालें कोरडीं जातात, ही त्या मुलुखाची रीत. १८३० च्या सुमारास नवे दर लागू झाले. त्यांतच सालें वाईट गेलीं व धान्याचे भाव उतरले. सारा थकला. कुणब्यांनीं जमिनी टाकल्या, आणि कित्येकांनीं तर गांव सोडून शेजारच्या संस्थानी मुलुखाची वाट धरली.

हा डोलारा सांवरण्याचें काम गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी व लेफ्टनंट विंगेट हा एंजिनिअर या दोघांकडे आलें. निव्वळ उत्पन्नाचें गणित त्यांनीं बाजूस ठेवलें. मातीचा रंग व पोत पाहावा, तिची खोली हातानें मोजावी, आणि चुनखडी, वाळसरपणा, उतार, पाणी साचून राहणें असे जे दोष आढळतील ते मांडून शेताची प्रत लावावी, अशी पद्धति त्यांच्या हातून वाढीस लागली. ती पुढें १८४७ च्या संयुक्त अहवालांत पक्की होऊन सबंध मुंबई इलाख्यांत पसरली. पण तिचा श्रीगणेशा झाला तो इंदापूर तालुक्यांत. १८३६ सालीं तेथें दर उतरविण्यांत आले व ते तीस वर्षांकरितां कायम करण्यांत आले. पडीक रानें पुन्हां नांगराखालीं आलीं. जमीन चांगल्या सालीं किती देईल हें हेलिबरीची विद्या विचारीत होती. वाईट सालीं ती किती सोशील हें विचारल्यावांचून राज्यकारभारहि चालत नाहीं, हें इंदापुरानें शिकविलें.

हा धडा मात्र तीस वर्षांपेक्षां अधिक टिकला नाहीं. मुदत संपली तेव्हां अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसाला आलेली तेजी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांपुढें होती. १८६७ च्या फेरपाहणींत इंदापुराचे दर पुष्कळ वाढविण्यांत आले. तेजी ओसरली, दर मात्र राहिले, आणि कुणबी सावकाराच्या दारीं गेला. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथील आठवड्याच्या बाजारांत सावकारांच्या दुकानांवर व वह्यांवर जमाव तुटून पडला, आणि दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या दंग्यांना तोंड लागलें. हें सुपें आज बारामती तालुक्यांतच आहे. पाठोपाठ १८७६ चा भयंकर दुष्काळ आला. त्या दुष्काळांत खडी फोडणाऱ्या व माती वाहणाऱ्या हजारों हातांनीं निरेचा डावा कालवा खोदला जाऊं लागला. १८८५ सालीं त्यांतून पाणी वाहूं लागलें. त्याला साठा पुरविणारें भाटघरचें धरण १८९२ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या जागीं बांधलेलें मोठें धरण १९२७ सालीं तयार झालें. सुमारें शंभर मैल लांबीच्या या कालव्यानें बारामतीचें रूप पालटलें. जेथें बाजरीच्या कणसाची खात्री नव्हती तेथें ऊंस डोलूं लागला व गुऱ्हाळांचा धूर दिसूं लागला.

पण पाण्याबरोबर एक न मागितलेली गोष्टहि आली. या खोऱ्यांतील काळी माती खोल व चिकट. तिच्यांतून पाणी सावकाश झिरपतें. पूर्वी थोडा पाऊस पडे, तो मातींत मुरे व पिकें तो पिऊन टाकीत. आतां बारा महिने कालवा पाझरूं लागला, आणि मिळेल तितकें पाणी उंसाला देण्याची चढाओढ लागली. जमिनीखालील पाण्याची पातळी वर चढत चढत मुळांपाशीं आली. तें पाणी उन्हानें वर ओढलें जाई व वाफ होऊन उडून जाई. त्यांत विरघळलेले क्षार मात्र पृष्ठभागावर राहत. सकाळीं रानावर पांढरी बुकटी पडलेली दिसे. आधीं उंसाचे शेंडे पिवळे पडत, मग उगवण विरळ होई, आणि शेवटीं गवतहि धड येत नसे. कुणब्यानें अशा जमिनीला खारवट म्हटलें. जी ओली असतां पायाला चिकटे आणि वाळली कीं दगडासारखी होई तिला चोपण म्हटलें. पाणी न मिळाल्यानें गेलेली जमीन पावसानें परत येते. पाणी फार झाल्यानें गेलेली जमीन नुसत्या वाट पाहण्यानें परत येत नाहीं.

येथें दुसरी विद्या येऊन उतरली, ती पुण्याहून. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें १८७९ सालीं शेतकीचा वर्ग निघाला होता. त्याच कॉलेजांतून एंजिनिअर होऊन बाहेर पडलेले मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं निरेच्या कालव्यावर पाणी वांटण्याची ‘ब्लॉक’ पद्धति पुढें आणली. ठराविक क्षेत्राच्या एका भागांतच ऊंस घ्यावा, उरलेल्यांत हंगामी पिकें घ्यावीं, आणि हें आळीपाळीनें फिरवावें, असा तिचा सारांश. पाणी कोणाला मिळावें याबरोबरच तें किती पुरे, हा प्रश्न या पद्धतीनें प्रथमच नियमांत बसविला.

१९०७ सालीं शेतकीचें कॉलेज स्वतंत्र झालें आणि डॉ. हॅरोल्ड मान हे त्याचे प्रिन्सिपॉल झाले. रसायनशास्त्राचा हा पंडित प्रयोगशाळेंत बसून राहणारा नव्हता. निरेच्या खोऱ्यांतील खारवट जमिनींवर त्यांनीं व त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनीं लिहिलेली पुस्तिका १९१० सालीं शेतकी खात्यानें प्रसिद्ध केली. मातीचे व विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासून त्यांनीं रोगाचें निदान केलें. क्षार कोठून बाहेरून आलेले नव्हते. ते मातींतच होते. पाणी आंत येण्याची वाट सरकारनें केली होती, बाहेर जाण्याची वाट मात्र कोणीच केली नव्हती. म्हणून चर खणून पाण्याचा निचरा करणें हाच मुख्य उपाय. पानमळेकऱ्यास यांत नवें कांहींच वाटलें नसतें. परंतु एका मळ्याचें शहाणपण सबंध खोऱ्याला लागू आहे हें मोजमापानें सिद्ध करणें, हें विद्यालयाचेंच काम होतें आणि तें त्यानें उत्तम केलें.

मान यांनीं विद्येचा मोहरा खेड्यांकडेहि वळविला. पुण्याजवळचें पिंपळें सौदागर हें गांव निवडून त्यांनीं घराघराची जमीन, कर्ज व मिळकत यांची पाहणी केली व ती १९१७ सालीं प्रसिद्ध केली. कोरडवाहू जातेगांव बुद्रुकची पाहणी एन्. व्ही. कानिटकर यांच्या साहाय्यानें १९२१ सालीं बाहेर आली. या कानिटकरांनींच पुढें सोलापुराकडील कोरडवाहू शेतीचें शास्त्र उभें केलें. बांध घालावा, पावसापूर्वी नांगरट करावी, पेरा विरळ ठेवावा, कोळपणी वारंवार करावी, म्हणजे पडेल तो थेंब मातींत राहील, अशी ती शिकवण. १९३२ सालीं निरेच्या कांठींच पाडेगांव येथें ऊंस संशोधन केंद्र निघालें, आणि तेथील शास्त्रज्ञांनीं कालव्याखालील मातीच्या जाती खड्डे खणून, थर तपासून निश्चित केल्या. शाश्वतता हा शब्द यांपैकीं कोणाच्याहि तोंडीं नव्हता. ती वस्तु मात्र त्यांच्या फूटपट्टींत, परीक्षानळींत व वहींत होती.

तरीहि जमीन खारावत राहिली. याचें एक कारण भाषेचें होतें. मान व ताम्हणे यांची पुस्तिका इंग्रजींत; ज्याच्या शेतावर पांढरी बुकटी पडली त्याला ती वाचतां येणें शक्य नव्हतें. शेतकरी निरक्षर राहिला तर त्याची शेतीहि बुडते, हें महात्मा फुले यांनीं १८८३ सालींच ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें निक्षून सांगितलें होतें. डोंगरावरून वाहून जाणारा गाळ शेतांत अडविण्यासाठीं बांध घालावे, आणि शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचें शिक्षण द्यावें, या दोन्ही मागण्या त्या एकाच पुस्तकांत आहेत. दुसरें कारण अधिक खोल होतें. चर एकट्याच्या शेतांत खणून भागत नाहीं. त्याचें पाणी खालच्या शेजाऱ्याच्या बांधाशीं जातें. त्यानें वाट दिली तर तें नाल्याला मिळतें, न दिली तर भांडण कचेरींत जातें. माती कशी टिकते हें रसायनशास्त्र सांगूं शकतें. शेजारी कसा टिकवावा हें त्यांत नाहीं.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न निराळ्याच परंपरेनें केला. १९१९ सालीं कराड तालुक्यांतील काले येथें कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत, आपलें काम आपण करीत आणि शेतांत राबून शिक्षणाचा खर्च भागवीत. १९४७ सालीं निघालेल्या तेथील छत्रपति शिवाजी कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ हीच योजना उच्च शिक्षणापर्यंत गेली. शेजाऱ्याबरोबर श्रम करणें हाच तेथें अभ्यासक्रमाचा भाग होता.

योगायोग असा कीं त्याच १९४७ सालीं अमेरिकेंत राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या आयोगानें ‘कम्युनिटी कॉलेज’ ही कल्पना प्रचारांत आणली. ज्या गांवाचें कॉलेज त्या गांवाच्या गरजा त्यानें ओळखाव्या, थोड्या खर्चांत व घराजवळ शिक्षण द्यावें, हें त्याचें तत्त्व. आपल्याकडे राधाकृष्णन् आयोगानें १९४९ सालीं ग्रामीण विद्यापीठांची शिफारस केली, आणि १९५६ पासून सरकारनें ग्रामीण उच्च शिक्षणाच्या संस्थांना मान्यता दिली. कोल्हापूर जिल्ह्यांत १९५२ सालीं स्थापन झालेलें गारगोटीचें मौनी विद्यापीठ त्यांतलेंच. पुढें १९८३ सालीं शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं विज्ञान आश्रम काढला व शाळा सोडलेल्या मुलांना भूगर्भांतील पाण्याचा शोध घेण्यापासून सुतारकामापर्यंतचें शिक्षण, हातानें काम करवून, दिलें. बारामतींत १९७१ सालीं आप्पासाहेब पवार यांच्या पुढाकारानें कृषि विकास प्रतिष्ठान निघालें. पाझर तलावांच्या कामांतून जन्मलेल्या या संस्थेकडे १९९२ सालीं कृषि विज्ञान केंद्र आलें.

याच सुमारास पलीकडच्या पुरंदर तालुक्यांत, कोणत्याहि विद्यालयाच्या आश्रयावांचून, एक अपूर्व प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळानें हेलावून गेलेले एंजिनिअर विलासराव साळुंखे यांनीं नायगांव येथें पाणी पंचायतीचा पाया घातला. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर नसून घरांतील माणसांवर; माणशीं अर्ध्या एकराचें पाणी, भूमिहीनालाहि त्यांत वांटा, आणि या पाण्यावर ऊंस घ्यावयाचा नाहीं, असे तिचे नियम होते. मान यांच्या पुस्तिकेंत जी गोष्ट राहून गेली होती, ती, म्हणजे शेजाऱ्याशीं करावयाचा करार, येथें लिहिली गेली.

तिसरी विद्या आली ती मात्र शब्दाच्या रूपानें. तिचें मूळ जर्मनींत आहे. सॅक्सनींतील खाणींना लांकूड पुरेनासें झालें तेव्हां कार्लोविट्झ या खाणअधिकाऱ्यानें १७१३ सालीं आपल्या ग्रंथांत असें मांडलें कीं, रान जितकें वाढतें तितकेंच तोडावें. वनशास्त्राच्या शाळांतून ही कल्पना जगभर गेली. १९८७ सालीं ब्रुंटलंड आयोगाच्या अहवालानें ‘शाश्वत विकास’ हा शब्द सर्वतोमुखीं केला. आजच्या गरजा भागवाव्या, पण उद्यांच्या पिढीची तशी शक्ति हिरावूं नये, हा त्याचा आशय. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पर्यावरणाचें शिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचें करण्याचा आदेश दिला. त्याची नेटानें अंमलबजावणी २००३ पासून झाली, आणि पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सहा महिन्यांचा पर्यावरणाचा अभ्यासक्रम लागू झाला. २०१३ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें सामुदायिक महाविद्यालयांची योजनाहि काढली.

आतां हीं महाविद्यालयें शाश्वततेविषयीं बोलतात कशीं? बहुतेक ठिकाणीं हें बोलणें तीन जागीं आढळतें. पहिली जागा परीक्षा: व्याख्या द्या, प्रकार सांगा, टीपा लिहा. दुसरी समारंभ: पावसाळ्याच्या तोंडीं वृक्षारोपण, त्याचें छायाचित्र, आणि पुढील सालीं बहुधा त्याच खड्ड्यांत दुसरें रोप. तिसरी जागा इमारत: छपरावरील सौर विजेच्या पाट्या, पागोळ्यांचें पाणी सांठविणारी टांकी व तें सर्व नोंदविणारा हरित परीक्षणाचा अहवाल. अमेरिकेंतील कम्युनिटी कॉलेजांतूनहि वीजबचत, इमारती व नवे हरित व्यवसाय यांचीच चर्चा पुष्कळदां पुढें असते. या गोष्टी वाईट नाहींत. पुष्कळ चांगल्याहि आहेत. परंतु त्यांत महाविद्यालय आपल्या कुंपणाच्या आंत शाश्वत होतें, आणि कुंपणाबाहेर ज्या रानांतून त्याचे विद्यार्थी येतात तीं रानें अभ्यासाच्या बाहेर राहतात. ध्रुवावरील बर्फाची माहिती विद्यार्थ्याला पाठ असते. वडिलांच्या विहिरीचें पाणी चैत्रांत किती परस खालीं जातें, हें त्याला कोणी विचारलेलें नसतें.

यावर असा आक्षेप येतो कीं जागतिक संकटापुढें एका विहिरीची नोंद ती काय? पण या प्रांताचाच इतिहास त्याला उत्तर देतो. प्रिंगलपाशीं व्यापक सिद्धान्त होता; गोल्डस्मिड व विंगेट यांच्यापाशीं शेताशेताची नोंद होती, आणि उजाड झालेला तालुका पुन्हां नांदता झाला तो नोंदीमुळें. खारवट जमिनीचें कोडें सुटलें तेंहि नमुने गोळा केल्यामुळें. सिद्धान्त नको असें नव्हे. मान हेहि सिद्धान्त जाणूनच निरेवर आले होते. सिद्धान्ताला पाय फुटतात ते मात्र गांवच्या मातींत.

साधनांची आज वाण नाहीं. बारामतीजवळ माळेगांव येथें २००९ सालीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेची, अवर्षण, उष्णता व क्षार यांसारख्या अजैविक ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था निघाली; ज्या मुलुखांत प्रिंगल चुकला व मान आले, तेथेंच ती उभी आहे. पाण्यांतील क्षार मोजणारें यंत्र आतां मुठींत मावतें. दोन तालुक्यांतील प्रत्येक महाविद्यालयानें आपल्या विद्यार्थ्यांकडून सालांत दोनदां गांवच्या विहिरींची पातळी व पाण्यांतील क्षार मोजवून घेतले, त्याची वही मराठींत ठेवली, आणि ती ग्रामसभेंत वाचून दाखविली, तर दहा सालांत अशी नोंद तयार होईल जी मान यांनाहि मिळाली नव्हती. कोणाच्या रानांत पाणी वर येत आहे, कोणाची विहीर आटत आहे, चर कोणत्या बांधांतून काढला पाहिजे, या गोष्टी मग भांडणाच्या न राहतां हिशेबाच्या होतील. कालव्याच्या वरच्या अंगाला पाणी फार झाल्यानें जमीन मरते आणि शेपटाकडील शेतकरी पाणी न पोंचल्यानें डोक्यावर हात मारून बसतो, हीं एकाच दुखण्याचीं दोन टोकें आहेत. तीं एका वहींत आलीं म्हणजे सर्वांना दिसतील.

त्या वहीचें पहिलें पान निमगांव केतकीच्या पानमळ्यांत लिहितां येईल. तेथें विद्यार्थ्यानें जाऊन विचारावें: पाणी किती देतां, आणि तें जातें कोठें? या दोन प्रश्नांचें उत्तर पानमळेकऱ्यापाशीं नेहमींच तयार असतें. कारण ज्या सालीं तो दुसरा प्रश्न विसरेल, त्या सालीं त्याची वेल राहणार नाहीं.